उजेड कोणासाठी मोजायचा?

आमच्या घरात आईचा एक जुना फोटो आहे. तालुक्याच्या गावी स्टुडिओत काढलेला. मी तेव्हा सातवीत होतो. कसल्याशा सरकारी अर्जाला फोटो लागत होता, म्हणून एका दिवसाची मजुरी बुडवून ती आली होती. मागे पांढरा पडदा, पुढे लाकडी स्टूल. चार दिवसांनी फोटो हातात पडला तेव्हा पडद्याची सुरकुती न् सुरकुती त्यात मोजता येत होती. आईच्या चेहऱ्याच्या जागी मात्र काळा डाग होता. आई म्हणाली, "आरं, ह्यात म्या कुटं हाय?" स्टुडिओवाला हसला. "रंगच तसा आहे, त्याला कॅमेरा काय करणार? पुढच्या खेपेला पावडर लावून आणा," म्हणाला. आम्ही पैसे दिले आणि मुकाट्याने परत आलो.

त्याचे म्हणणे मी पुष्कळ वर्षे खरे मानले. शिक्षकाची नोकरी लागल्यावर एक वापरलेला कॅमेरा विकत घेतला, रोल वाया घालवत घालवत थोडेफार शिकलो, तेव्हा कळले की त्या दिवशी कॅमेऱ्याने काही चूक केली नव्हती आणि आईच्या रंगानेही केली नव्हती. उजेड पडद्यासाठी मोजला गेला होता. आईसाठी तो कोणी मोजलाच नव्हता.

चळवळीच्या नियतकालिकात फोटोच्या छंदाची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. आपल्या वस्त्यांतल्या बहुतेक घरांत बाबासाहेबांचा आणि तथागतांचा फोटो असतो. पण आजा-आजीचा फोटो किती घरांत सापडतो? आपल्या लोकांनी आत्मकथने लिहिली, गाणी रचली, जलसे उभे केले. डोळ्यांनी पाहिलेल्या जगाची नोंद मात्र दुसऱ्याच्या हातात राहिली. आज परिस्थिती पालटली आहे. कॉलेजात जाणाऱ्या प्रत्येक पोराच्या खिशात फोन आहे आणि फोनमध्ये कॅमेरा आहे. साधन हातात आले आहे. ते कसे चालते याची समज मात्र त्याबरोबर आलेली नाही. म्हणून हा लेख.

१

या छंदाचा आपल्याकडचा इतिहास आधी थोडक्यात पाहू. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली. पुढे १८५६ ते १८५८ या काळात विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी 'इंडियन ॲमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम' काढला. नावातच 'हौशी' आहे. याच जॉन्सनने १८६३ आणि १८६६ साली मुंबईतल्या जातिजमातींच्या चित्रांचे दोन खंड प्रसिद्ध केले. त्यांतल्या पुष्कळ चित्रांत माणसे एका ठिकाणी उभी करून टिपली आणि मागचा देखावा दुसऱ्याच ठिकाणचा आणून जोडला. त्यानंतर १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' हे सरकारी आठ खंड निघाले. त्यांतली कितीतरी छायाचित्रे हौसेने कॅमेरा बाळगणाऱ्या अधिकाऱ्यांनी काढलेली होती. प्रत्येक चित्राबरोबर त्या जातीचा स्वभाव काय, ती राजनिष्ठ की उपद्रवी, असा मजकूर छापला.

म्हणजे आपल्या देशात हौशी छायाचित्रणाने माणसाकडे पाहायला सुरुवात केली ती नमुना म्हणून. एखादे फुलपाखरू टाचणीने टोचून ठेवावे तशी माणसे कागदावर टोचली गेली. ज्याचा फोटो निघाला त्याला तो पाहायला मिळाला असेल असे वाटत नाही.

पुढे राज्यकर्ते गेले, हौस उरली. ती मध्यमवर्गाकडे आली आणि तिने नवे रूप घेतले. प्रदर्शनांतली चित्रे आठवा. सूर्यास्त, धुके, नदीचे चमकते पाणी आणि क्षितिजावर बैलगाडी हाकणारा एक माणूस. किंवा डोक्यावर मोळी घेतलेली बाई. ही माणसे नेहमी उजेडाच्या विरुद्ध बाजूला, काळ्या आकृतीसारखी. त्यांना डोळे नाहीत, तोंड नाही, वय नाही. चित्र सुंदर दिसते, बक्षीसही मिळते. पण त्या मोळीचे वजन किती, ती बाई किती कोसांवरून आली, हे विचारायची सोय त्या चित्रात ठेवलेली नसते. 'निसर्ग' या नावाखाली इथे श्रम करणारा माणूस झाडाझुडपांत जमा झाला आहे. आईच्या फोटोत अज्ञानाने जे झाले, तेच या चित्रांत कला म्हणून केले जाते. दोन्हीकडे उजेड मोजला तो मागच्या पडद्यासाठी.

२

आता हे मोजमाप म्हणजे काय ते पाहू. त्यासाठी कॅमेऱ्याची आधी गरज नाही. कौलारू किंवा पत्र्याचे घर पुरे. भर दुपारी छपराच्या बारीक भोकातून जमिनीवर कवडसा पडतो. भोक चौकोनी असो की वेडेवाकडे, ते पुरेसे लहान असले आणि छप्पर पुरेसे उंच असले की कवडसा गोलच पडतो. ऊन तिरपे असले तर थोडा लांबट. कारण तो भोकाचा आकार नसतो, ते सूर्याचे चित्र असते. दहा फूट उंचीवरच्या भोकातून पडलेले हे चित्र साधारण एक इंच रुंद असते. सूर्यग्रहण लागले की सगळे कवडसे कोरीसारखे होतात, हे कित्येकांनी लहानपणी पाहिले असेल. अंधारी खोली, एक भोक आणि समोर पडलेले चित्र, एवढाच कॅमेरा. भोकाच्या जागी भिंग बसवले, जमिनीच्या जागी फिल्म ठेवली किंवा आजची विजेवर चालणारी काचपट्टी ठेवली, बाकी तत्त्व तेच. आपण सगळे कॅमेऱ्याच्या आतच वाढलो आहोत.

कॅमेऱ्यात उजेड किती घ्यायचा हे दोन गोष्टींनी ठरते. भोक किती मोठे आणि ते किती वेळ उघडे. वेळ दुप्पट केला की उजेड दुप्पट. शटर एका सेकंदाच्या १२५ व्या भागाऐवजी ६० व्या भागाइतके उघडे ठेवले की जवळजवळ दुप्पट उजेड आत येतो. ३० व्या भागाइतके ठेवले की चौपट. भोकाचेही तसेच, ८ आकड्यावरून ५.६ वर आले की उजेड दुप्पट. या प्रत्येक दुपटीला छायाचित्रकार 'स्टॉप' म्हणतात. फिल्म किती तेज, यावरही हिशेब अवलंबून असतो. जुना सोपा नियम असा, की लख्ख उन्हात भोक १६ वर ठेवावे आणि फिल्मचा जो आकडा असेल तितकावा भाग सेकंद शटर उघडावे. १०० ची फिल्म असेल तर एका सेकंदाचा शंभरावा भाग, किंवा त्याच्या जवळचा १२५ वा.

पण उजेड किती आहे हे कॅमेऱ्याला कोण सांगते? त्याच्यातला मीटर. हा मीटर समोरून परत येणारा सगळा उजेड गोळा करतो आणि धरून चालतो की समोरचे दृश्य एकूणात मध्यम करडे आहे. छायाचित्रकार जे करडे कार्ड वापरतात ते पडलेल्या उजेडाचा १८ टक्के भाग परत फेकते; मीटरची समजूत साधारण त्याच्या आसपासची. त्याला माणूस कळत नाही, म्हैस कळत नाही, चुना लावलेली भिंत कळत नाही. पांढरी भिंत दाखवा, तो उजेड कमी करून ती करडी करतो. काळी म्हैस दाखवा, तो उजेड वाढवून तिलाही करडी करतो. सगळ्यांना एका सरासरीत बसवणे हे त्याचे काम.

आता पांढऱ्या पडद्यापुढे काळसावळी बाई बसवा. दृश्याचा बहुतेक भाग पडद्याने व्यापलेला. मीटर म्हणतो, उजेड फार झाला. तो आवर घालतो. पडदा करडा होतो, सुरकुत्या स्पष्ट येतात आणि आधीच कमी उजेड परत फेकणारा चेहरा आणखी दोन पायऱ्या खाली काळोखात ढकलला जातो. त्याच पडद्यापुढे गोरा माणूस बसवला तर तोही थोडा काळवंडतो, पण ओळखू येतो. त्यामुळे चूक झाली हे स्टुडिओवाल्याच्या लक्षातही येत नाही. ज्याच्यावर अन्याय होतो त्याच्याच रंगाला दोष देऊन तो मोकळा होतो. आकडेवारीतल्या सरासरीने आपल्या वस्तीचे काय होते हे कार्यकर्त्यांना सांगायला नको.

उपाय अवघड नाही. माणसाजवळ जा, मीटरला फक्त चेहरा दाखवा, मग मागे येऊन त्याच मापाने फोटो काढा. किंवा एकूण मापापेक्षा दीड-दोन स्टॉप जास्त उजेड द्या. पडदा पांढराफटक पडला तर पडू दे. फोनवर हे आणखी सोपे आहे. पडद्यावरच्या चेहऱ्यावर बोट ठेवा. बहुतेक फोनमध्ये शेजारी सूर्याची खूण येते, ती वर सरकवा.

मात्र याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. काळासावळा चेहरा चौकटभर घेतला तर मीटर उलट चूक करतो; म्हशीला करडी करतो तसा चेहऱ्याला पांढुरका करतो. तिथे एखादा स्टॉप उजेड कमी करावा लागतो. आपल्याला चेहरा दिसायला हवा आहे, उजळायला नको आहे. फोनमधली सौंदर्य वाढवणारी सोय चेहऱ्याचा रंग पुसून टाकते आणि सुरकुत्याही पुसते. ती बंद करावी. ती स्टुडिओवाल्याच्या पावडरीचीच नवी आवृत्ती आहे.

३

हा दोष एका तालुक्याच्या स्टुडिओपुरता नव्हता. फिल्म तयार करणाऱ्या कारखान्यातच त्याची मुळे होती. रंगीत फोटो नीट छापला जातो की नाही हे ताडून पाहण्यासाठी कोडॅक कंपनी १९५० च्या दशकापासून छपाईच्या ठिकाणी एक नमुना-चित्र पाठवीत असे. त्यात गोरी स्त्री असे. पहिल्या स्त्रीच्या नावावरून त्या चित्रांना 'शर्ली कार्ड' हे नाव पडले. तिची कातडी बरोबर छापली गेली की यंत्र बरोबर, असा नियम. कॅनडातल्या अभ्यासक लोर्ना रॉथ यांनी या प्रकरणाचा छडा लावून २००९ साली त्यावर लेख लिहिला. गडद रंगाच्या छटा फिल्मवर नीट उमटाव्यात म्हणून कंपनीने पुढे सुधारणा केल्या. पण रॉथ यांच्या शोधात दिसते ते असे, की त्यासाठी दबाव आला तो चॉकलेट आणि लाकडी सामान विकणाऱ्यांकडून. त्यांच्या मालाच्या छटा जाहिरातीत दिसत नव्हत्या. शाळेच्या एकत्रित फोटोत काळ्या मुलांचे चेहरे हरवत होते, तेवढे कारण पुरेसे ठरले नव्हते. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया एकत्र दाखवणारे नमुना-चित्र १९९० च्या दशकात आले. फोनच्या जमान्यात, २०२१ साली, गूगलने आपल्या कॅमेऱ्यात सर्व रंगांचे चेहरे खरे यावेत म्हणून 'रिअल टोन' नावाची सुधारणा जाहीर केली. म्हणजे हा प्रश्न तोवर शिल्लक होता.

यंत्र कोणाच्या हातात आहे हा दुसरा प्रश्न. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषी राजवटीत काळ्या माणसाला जवळ परवाना बाळगावा लागे आणि त्यावर फोटो लागे. त्या फोटोंसाठी पोलरॉइडचे साहित्य वापरले जाते, हे १९७० साली त्याच कंपनीच्या अमेरिकेतल्या दोन काळ्या कामगारांच्या, केन विल्यम्स आणि कॅरोलिन हंटर यांच्या, ध्यानात आले. त्यांनी बहिष्काराची चळवळ उभारली. नोकऱ्या गेल्या. १९७७ साली कंपनीने त्या देशातला व्यापार थांबवला. जो काळा चेहरा घरच्या फोटोत नीट येत नव्हता, तो पोलिसांच्या कागदावर मात्र नेमका यावा याची व्यवस्था होती.

४

१९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिच्या नावातच अमेरिकेतल्या काळ्या बांधवांशी असलेले नाते होते. त्यांचे साहित्य आपण वाचले. त्यांचे छायाचित्रण मात्र आपल्याकडे फारसे आले नाही. ते येणे आवश्यक आहे.

गॉर्डन पार्क्स हे रेल्वेच्या जेवणाच्या डब्यात वाढप्याचे काम करीत. प्रवाशांनी टाकलेल्या एका मासिकात स्थलांतरित मजुरांची छायाचित्रे पाहून त्यांना या कामाची ओढ लागली. १९३७ च्या सुमारास सिॲटल शहरात गहाणवटीच्या दुकानातून त्यांनी कॅमेरा घेतला. १९४२ साली वॉशिंग्टनमध्ये एका सरकारी इमारतीत झाडलोट करणाऱ्या एला वॉटसन या बाईंना त्यांनी राष्ट्रध्वजापुढे उभे केले. एका बाजूला झाडू, दुसऱ्या बाजूला फरशी पुसण्याचा दांडा. बाईंचा चेहरा स्पष्ट आहे, ध्वज थोडा धूसर आहे. उजेड कोणासाठी मोजायचा याचे उत्तर त्या चित्रात आहे.

रॉय डिकाराव्हा (१९१९–२००९) हे न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतले. जाहिरातींची चित्रे काढून पोट भरत आणि उरलेल्या वेळात आपल्याच वस्तीचे फोटो काढत. १९५२ साली त्यांना गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळाली. हा मान मिळालेले ते पहिले काळे छायाचित्रकार. १९५५ साली कवी लँगस्टन ह्यूज यांच्याबरोबर त्यांचे पुस्तक आले. त्यांत घरातली माणसे आहेत: स्वयंपाकघर, पोरे, कामावरून परतलेला बाप. डिकाराव्हा झगझगीत दिवा वापरीत नसत. जिथे जेवढा उजेड आहे तेवढाच. छापतानाही ते काळ्या आणि गडद करड्या छटांतच राहत. पण त्या काळोखात चेहऱ्याची रेघ न् रेघ जपलेली असते. १९५३ च्या त्यांच्या एका प्रसिद्ध चित्रात केवळ गरिबांच्या चाळीतला एक अरुंद, अंधुक बोळ आहे. माणूस नाही. तरी तिथे राहणाऱ्यांचे सगळे आयुष्य त्यात आहे.

यातून एक गोष्ट शिकावी. काळोख म्हणजे दोष नव्हे. मीटरने लादलेला काळोख आणि आपण जाणून ठेवलेला काळोख यांत फरक आहे. पहिल्यात माणूस हरवतो, दुसऱ्यात तो राहतो.

५

आपल्याकडेही हे काम सुरू झाले आहे. सुधारक ओलवे यांनी मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांचे जग वर्षानुवर्षे टिपले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तमिळनाडूतले पलनी कुमार यांनी हाताने मैला साफ करणाऱ्या कामगारांची छायाचित्रे काढली, २०१७ च्या 'कक्कूस' या माहितीपटाचे छायाचित्रण केले आणि मासे विकणाऱ्या आपल्या आईचेही फोटो काढले. आईचा फोटो काढणे हे इतर कामांपेक्षा लहान काम आहे असे मला वाटत नाही.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी माझ्या अनुभवातल्या थोड्या गोष्टी सांगतो. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारचे ऊन डोक्यावरून पडते. डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो. त्या वेळी माणसाला झाडाच्या किंवा ओसरीच्या सावलीत आणावे. घरात फोटो काढायचा तर दाराजवळ, तोंड दाराकडे करून. दारापासून दोन पावले आत गेले की उजेड झपाट्याने कमी होतो. काळ्यासावळ्या कातडीवर आकार दिसतो तो तिच्यावर पडलेल्या मऊ चमकेने. म्हणून उजेडाचा झोत लहान नको, पसरट हवा. कोणी शेजारी पांढरे धोतर किंवा चादर धरून उभे राहिले तर काळोखाच्या बाजूलाही चमक येते. यासाठी पैसा लागत नाही, एक माणूस सोबत लागतो.

निसर्गाचे फोटो जरूर काढावेत. पण नदी पाहताना तिचे कोणते पाणवठे कोणासाठी होते हे आठवावे. महाडच्या तळ्यावर १९२७ साली जे घडले ते एका तळ्याकाठीच घडले. आपल्या लोकांना पाणी, झाड, माती ठाऊक आहेत ती कामातून: सरपणाचे झाड, वेठीची विहीर, ऊसतोडीचे रान. त्या नजरेने काढलेला निसर्ग वेगळा दिसेल. रोजचे जगणेही तसेच. पहाटे मजूर-अड्ड्यावर उभी असलेली माणसे, चुलीच्या धुरात उतरलेला कवडसा, परीक्षेच्या दिवसांत पथदिव्याखाली बसलेली पोरे. यात कुठेही दया मागणारा चेहरा शोधू नये. तसले फोटो आपले पुष्कळ निघाले आहेत.

आणि काही पथ्ये. विचारल्याशिवाय फोटो काढू नये. काढलेला फोटो त्या माणसाला दाखवावा, जमेल तर छापून द्यावा. मागे गाव, तारीख, काम लिहावे. आजपासून पन्नास वर्षांनी तोच दस्तऐवज असेल. अत्याचाराच्या जागी गेलो तर पुरावा म्हणून जे टिपायचे ते टिपावे, पण जखमी देह चव्हाट्यावर मांडून पुन्हा एकदा विटंबना करू नये. जिथे नाव उघड झाल्याने माणसाच्या जिवाला धोका आहे तिथे नाव झाकावे. जॉन्सनच्या खंडातल्या माणसांना जे मिळाले नाही ते आपल्या फोटोतल्या माणसांना मिळाले पाहिजे.

कॅमेरा घेतल्यावर मी आईला घराच्या उंबऱ्यात बसवले. सकाळची वेळ. ती तांदूळ निवडत होती. मी जवळ जाऊन तिच्या गालावरचा उजेड मोजला, मागे आलो, फोटो काढला. मागची चुन्याची भिंत पार पांढरी पडली. प्रदर्शनात कोणी तो फोटो लावला नसता. आईने तो बराच वेळ हातात धरला. कपाळावरच्या गोंदणावर बोट ठेवून म्हणाली, "हे बी आलंय की." मग जुना काळा फोटो मागून घेतला आणि दोन्ही एकाच कागदात गुंडाळून पेटीत ठेवले. जुना फाडू का, असे मी विचारले, तर नको म्हणाली. तोही तिचाच होता.